सिगारची तंबाखू आंबवतात, कुजवतात की मुरवतात?

कोथरूडचा_गण्या

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी रोज ओढणाऱ्यातला नाही, वर्षातून दोनतीनदा कुणी हातात दिली तर ओढतो, त्यामुळे प्रवचन नको (येणारच आहे, माहितीये). प्रश्न वेगळा आहे.

फेब्रुवारीत ऑफिसच्या कामानं डॉमिनिकन रिपब्लिकला जाणं झालं, सांतियागो म्हणून शहर आहे तिथं. शनिवारी रिकामाच होतो तर क्लायंटकडचा एकजण सिगारच्या कारखान्यात घेऊन गेला. पुढच्या हॉलमध्ये टेबलं मांडून सिगार वळत बसलेली माणसं वगैरे, ते आपण फोटोत बघतो तसंच. पण मागे एक गोडाऊन होतं, त्याचं दार उघडलं आणि डोळ्यातून घळाघळा पाणी. वास म्हणजे यष्टी स्टँडवरची मुतारी आणि ओलं गवत एकत्र केलं तर जो येईल तो. आत पानांच्या जुड्या, म्हणजे मेथीची जुडी असते ना तशा बांधलेल्या, त्या रचून रचून माझ्या खांद्याएवढ्या उंच थप्प्या, वर गोणपाट, आणि थप्पीच्या पोटात एक लाकडी नळी खुपसलेली, तिच्यात थर्मामीटर. गाईडनं हात घालायला लावला तर आत चांगलं गरम! खाली शेगडी नाही, हीटर नाही, काही नाही. त्याला विचारलं तर म्हणे फर्मेंटेशन. मग पुढच्या खोलीत नुसती गाठोडी ठेवलेली, त्यावर साल लिहिलेलं, आणि तिथला वास एकदम वेगळा, जुन्या कपाटासारखा, थोडा मनुकांसारखा. ही म्हणे एजिंग.

आता माझं डोकं इथं अडकलंय की पान तर आधीच वाळवलेलं असतं, मग वाळलेल्या पानाला परत पाणी मारून गरम करायचं कशाला, आणि ओलं करून ढीग लावला तर ते कुजत कसं नाही? आमच्या सोसायटीत कंपोस्टचा पिट आहे, तिथं पण हेच करतात आणि शेवटी माती होते. मग त्यांच्याकडे सिगार आणि आमच्याकडे खत, हे कसं काय? आणि एजिंग म्हणजे वेगळं काही की त्याचंच पुढचं?

---

मायक्रोस्कोपवाले_काका

गण्या, प्रश्न झकास आहे आणि कंपोस्टची तुलना तू गमतीत केली असशील पण तीच खरी किल्ली आहे. मी तीस वर्षं पोरांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलंय, त्यामुळे लांबेल, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, 'आधीच वाळवलेलं' हे अर्धंच खरं. सिगारचं पान शेडमध्ये टांगून सावलीत वाळवतात, उन्हात नाही आणि भट्टीत पण नाही, आणि त्याला दीडदोन महिने लागतात. एवढा वेळ का, तर तोडलेलं पान लगेच मरत नाही. ते काही दिवस जिवंत असतं, स्वतःचाच साठा खात बसतं, स्टार्च मोडून साखर करतं आणि ती साखरही बरीचशी संपवतं, हिरवा रंग जातो, पिवळं होतं, मग तपकिरी. हेच जर घाईनं उष्णता देऊन वाळवलं तर पान हिरवंच राहतं. तशी हिरव्या रॅपरची, म्हणजे वरून गुंडाळायच्या पानाची, सिगार मुद्दाम करतातही, कँडेला म्हणतात, चवीला गवताळ. आणि आपल्याकडे आंध्रात किंवा म्हैसूरकडे सिगारेटची तंबाखू भट्टीच्या गरम हवेत आठवड्याभरात वाळवतात, त्यात पान पिवळ्यावरच थांबवतात म्हणजे साखर आत राहते. दोन्ही तंबाखूच, पण इथूनच दोघींचे रस्ते वेगळे झाले. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

आता वाळलेल्या सिगारच्या पानात साखर जवळपास नाही, पण प्रथिनं आहेत, निकोटिन आहे, कच्चेपणा आहे. ते तसंच पेटवलं तर घशाला कात लावल्यासारखं होईल. म्हणून त्याला थोडं पाणी मारून लवचिक करतात आणि थप्पी लावतात, त्याला पिलोन म्हणतात. ओल मिळाली की पानावरचे जिवाणू जागे होतात आणि पानातली एन्झाइम्सही कामाला लागतात. बाहेरून विरजण वगैरे काही घालत नाहीत, जे आहे ते पानाचंच. या कामात उष्णता सुटते, आणि ढीग मोठा असल्यामुळे ती बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून तुझा हात आत गेला तेव्हा गरम लागलं. शेतकऱ्याला विचार, कडबा नीट न वाळवता गंजी लावली तर आतून तापते, कधी कधी पेटही घेते. तेच.

तुला जो मुतारीचा वास आला तो अमोनियाच होता. प्रथिनं मोडली की नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडतो, निकोटिनही थोडं मोडतं आणि थोडं उडून जातं. थोडक्यात तुझ्या डोळ्याला जे झोंबलं ते घशाला झोंबायचं वाचलं.

आणि कुजत का नाही, तर कुजू देत नाहीत म्हणून! तो थर्मामीटर शोभेला नव्हता. पारा ठरलेल्या आकड्यावर आला, साधारण ४५ ते ५० म्हण, नाजूक पानाला त्याच्या बराच खाली, जाड काळपट पानाला थोडं वर, की अख्खी थप्पी मोडतात, जुड्या झटकून मोकळ्या करतात, हवा देतात, आणि परत रचतात, पण आतल्या बाहेर आणि बाहेरच्या आत. परत तापते, परत मोडतात. दरवेळी आधीपेक्षा सावकाश तापते. आणि एक वेळ अशी येते की रचली तरी फारशी तापत नाही, म्हणजे जिवाणूंना खायला सोपं असं काही उरलेलं नाही, तेव्हा झालं. याला काही आठवडे लागतात किंवा अनेक महिने, पानावर आहे. झाडाच्या शेंड्याचं पान, त्याला लिहेरो म्हणतात, ते ऊन जास्त खातं म्हणून जाड, तेलकट आणि कडक, त्याला सगळ्यात जास्त वेळ. बुडाचं पान वोलादो, पातळ, मवाळ, ते लवकर होतं, चवीला फार नाही पण जळतं छान. मधलं सेको. सिगारच्या पोटात तिन्ही मिसळतात, लिहेरो मधोमध कारण ते हळू जळतं.

तुमच्या पिटात काय होतं, तर ओल भरपूर असते, पारा ६० वर जातो, आणि थांबवायचं कुणाच्या मनातच नसतं. पेशीची भिंतसुद्धा सोडत नाहीत. इथं पान फाटता कामा नये, त्याचं रॅपर करायचंय.

एजिंगचं नंतर लिहितो, बायको हाका मारतीय.

---

पेठेतला_आगाऊ

काकांचं सगळं मान्य पण एका शब्दावर अडलो. मराठीत 'आंबवणे' म्हटलं की आंबट व्हायला पाहिजे. इडलीचं पीठ आंबतं, ताक आंबतं. अमोनिया हा अल्कली. म्हणजे हे पान आंबट होण्याच्या बरोब्बर उलट दिशेनं चाललंय. तेव्हा धाग्याच्या नावातला पहिला पर्याय बाद. दुसरा काकांनी बाद केला. माझं मत, थप्पीत होतं ते 'उबवणं', गाठोड्यात होतं ते 'मुरवणं'. कैरीचं लोणचं बरणीत घातल्याबरोबर कुणी खात नाही, आणि बरणी गरमही होत नाही. ते मुरणं. दोन क्रिया, दोन शब्द, मराठीत दोन्ही आधीपासून आहेत, कुणी वापरत नाही हा भाग वेगळा.

(आणि 'यष्टी स्टँड' नाही, एसटी स्टँड.)

---

निपाणीचा_पाव्हणा

आगाऊभाऊ, आमच्याकडं पण 'ऊब धरली' असंच म्हणायचे बघा. आमचं घराणं तंबाखूतलं, आजोबांची निपाणीत वखार होती, आता आम्ही सगळे पुण्यात येऊन कॉम्प्युटरची पोती मोजतो. तिकडची तंबाखू विडीची, सिगारची न्हवं. ती रानातच उन्हात वाळवायची आणि पहाटे दव पडलं की गोळा करायची, कारण कोरडीला हात लावला की चुरा होतो, दवानं जरा नरम पडते. मग वखारीत पोत्यांच्या थप्प्या. आजोबा सकाळी उठून पहिल्यांदा वखारीत जायचे आणि पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचे, थर्मामीटर कुठला आलाय तिथं. हात बाहेर काढला की वास घ्यायचे आणि गड्याला सांगायचे, ती खालची वर काढा रे. लहानपणी वाटायचं म्हातारा उगीच त्रास देतोय. आता काकांचं वाचून कळालं काय बघत होते ते. पोत्यात ऊब धरली आणि लक्ष नाही दिलं तर आतली तंबाखू काळी पडून वास मारायची, तिला बाजारात भाव नाही.

चाळायला बायका असायच्या, तोंडाला पदर घट्ट बांधून, तरी दिवसभर शिंका आणि खोकला. त्यांचं कुणी लिहीत नाही. प्रीमियम म्हटलं की सगळे वासाचं बोलतात.

गावाचं नाव निघालंय म्हणून सांगतो, १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीत हायवेवर बसले होते, शरद जोशींच्या आंदोलनात, पुणे-बेंगलोर रस्ताच बंद. आमच्या घरी दोन्ही बाजू होत्या, आजोबा व्यापारी आणि चुलत आजोबा रस्त्यावर बसलेले. रात्री जेवायला एकाच पंगतीत. असो, विषय भरकटला.

---

मायक्रोस्कोपवाले_काका

पाव्हण्या, तुझ्या आजोबांना माझा नमस्कार. पिलोनवर काम करणारे जुने लोकही असंच हातानं आणि नाकानं ओळखतात असं म्हणतात, थर्मामीटर वहीत लिहायला.

आगाऊ, 'उबवणं' मला एकदम पटलं, उद्यापासून माझं. आणि तू अल्कलीचं काढलंस तर ते अर्धवट सोडू नको, त्यात खरी गंमत आहे. मघाशी म्हटलं होतं ना साखर लक्षात ठेव. सिगारेटच्या तंबाखूत साखर राहिली म्हणून तिचा धूर आम्लाकडे झुकतो, घशाला मऊ वाटतो, माणूस तो छातीत ओढतो, निकोटिन फुफ्फुसातून जातं. सिगारमधली साखर गेली, अमोनिया राहिला, म्हणून तिचा धूर अल्कलाइन. तो छातीत ओढायला गेलास तर ठसका, पण त्यातलं निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. म्हणून सिगार तोंडात घोळवतात. ती काही साहेबी ऐट नाही, रसायनशास्त्र आहे. गावाकडं तंबाखूला चुना लावतात तो का, विचार कर. तेच कारण, चुना अल्कली.

आता एजिंग. उबवणं संपलं की पानाची मधली शीर काढतात, थोडं वाळवतात, आणि गाठोडी बांधून थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात. क्युबात रॉयल पाम झाडाच्या सालीसारख्या खोळीत बांधतात, त्याला तेर्सियो म्हणतात, इतर ठिकाणी गोणपाट किंवा खोकी. इथं तापायचं काम नाही. हवा थोडी थोडी आत जाते, उरलासुरला अमोनिया निघून जातो, उग्र वास एकमेकात मिसळून बसतात. वर्ष, दोन वर्षं, चांगल्या पानाला त्याहून जास्त. आणि एवढं करून सिगार वळली तरी ती लगेच विकत नाहीत, कारण वळताना पान परत ओलसर करावं लागतं नाहीतर तुटतं, त्यामुळे ताज्या सिगारला परत तो वास येतो. मग ती काही आठवडे किंवा महिने सिडारच्या खोलीत बसून राहते. तो सिडार म्हणजे देवदार नव्हे बरं, सेड्रेला नावाचं झाड, आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. आपल्याकडचा तून त्याचाच जवळचा भाऊ.

---

कोथरूडचा_गण्या

वा! काका, आगाऊ, पाव्हणे, तिघांनाही एकेक कटिंग माझ्याकडून. म्हणजे वास येतोय तोवर उबवणं चालू, वास गेला की मुरवणं, असं धरू का?

आता खरं सांगतो प्रश्न का विचारला. आमच्या ओळखीतल्या एकानं सांगलीकडून वाळलेली पानं आणून दिलीत, किलोभर असतील. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये जमेल का हे? बादलीत घट्ट भरून, ओल देऊन, वर वजन?

---

पाषाणचा_प्रयोगी

नाही जमणार, आणि हे मी करून मग सांगतोय.

मी तीन वर्षांपूर्वी नेमकं हेच केलं. बादली, वर पाट्याचा दगड, गॅलरीत सावलीत. आठ दिवसांनी हात घातला तर बर्फासारखं गार, आणि वर पांढरी बुरशी. कारण साधं आहे, काकांनी वर लिहिलंय तेच, ढीग मोठा पाहिजे. किलोभर पानं जेवढी उष्णता करतात तेवढी बादलीच्या भिंतीतून निघून जाते. कारखान्यात एका थप्पीत शेकड्यानं, हजारानं किलो असतात. मग नेटवर बघितलं तर परदेशात हौशी लोक उष्णता बाहेरून देतात, म्हणजे जुना फ्रीज नाहीतर थर्माकोलची पेटी, आत बल्ब, थर्मोस्टॅट, पाण्याचं भांडं, ५० अंशाच्या आसपास आणि ओल सत्तर-पंचाहत्तर टक्के, महिनाभर. तेही केलं. पानं बदलली हे खरं, रंग गडद झाला, वासही बराच मवाळ. पण दुसऱ्या आठवड्यात त्या पेटीतून जो अमोनिया निघाला त्यात शेजारच्यांनी आमचं ड्रेनेज तुंबलंय अशी तक्रार केली, प्लंबर येऊन गेला, चेंबर उघडला, काही सापडेना, आणि मी गप्प उभा. घरी बायकोला कळलं तेव्हा जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी सिगार वळली ती पेटली नाही, पेटली ती ओढवली नाही. वळणं ही आणखी वेगळी विद्या आहे, त्यावर वेगळा धागा काढा.

आणि एक, पान घरात ठेवणार असाल तर हळदीच्या डब्यापासून लांब ठेवा. हळकुंडात, धन्यात, मिरचीत जो बारीक तपकिरी गोल किडा होतो ना, तोच तंबाखूचा किडा. सिगारला टाचणीएवढी भोकं पाडतो. सिगारवाले म्हणूनच माल काही दिवस डीप फ्रीजमध्ये घालून काढतात. आमच्याकडे तो पानातून धन्यात गेला की धन्यातून पानात आला यावर अजून एकमत नाही.

---

दातांची_ताई

प्रवचन नको म्हणालात म्हणून इतका वेळ गप्प होते, पण एक गोष्ट वरच्या कुणीच लिहिली नाही आणि ती या थप्पीतच घडते, तेव्हा विषयाला धरूनच आहे.

काका, जिवाणू प्रथिनं मोडतात, निकोटिन कमी होतं, हे सगळं बरोबर. पण त्यातलेच काही जिवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात आणि ते निकोटिन आणि त्याच्या भावंडांशी जुळून नायट्रोसअमाइन्स तयार होतात. त्यातली दोन, एनएनएन आणि एनएनके, ही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहेत, म्हणजे माणसात कॅन्सर करतात हे ठरलेलं. ही वाळवताना आणि उबवतानाच वाढतात, ताज्या हिरव्या पानात जवळपास नसतात. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची स्नूस मिळते, तिच्यात ही कमी असावीत म्हणून ती मुद्दाम उबवत नाहीत, वाफेवर तापवून जिवाणूच मारतात. म्हणजे जे जिवाणू चव आणतात तेच हेही आणतात. 'मुरलेली आहे, मवाळ आहे' म्हणजे सौम्य आहे असं जे दुकानात सांगतात ते घशापुरतं. आणि 'मी छातीत ओढत नाही' हे पेशंट मला अभिमानानं सांगतात, पण काकांनीच वर लिहिलंय, निकोटिन गालातूनच जातं. मी दिवसभर गालच बघते हो. विडीवाले, मशेरीवाल्या आज्या, आणि हल्ली कॅम्पातून महागाची घेऊन येणारे आयटीवालेही.

पाव्हणे, वखारीतल्या बायकांचं लिहिलंत, बरं वाटलं.

---

पेठेतला_आगाऊ

ताई, वर्षातून तीन सिगार आणि दिवसाला तीन विड्यांची जुडगी यात काही फरक आहे की नाही?

---

दातांची_ताई

आहे. विडी जास्त वाईट. म्हणून सिगार चांगली असं वाक्य मात्र मराठीत होत नाही, तुम्हीच शब्दांचे जाणकार.

---

मायक्रोस्कोपवाले_काका

ताई बरोबर आहेत आणि ते मीच लिहायला हवं होतं, राहून गेलं. पोरांना शिकवताना नायट्रेटवरच अर्धा तास घ्यायचो आणि इथं विसरलो, रिटायर झाल्याचा परिणाम.

गण्या, तुला उबवणंच बघायचंय ना? तर तंबाखू कशाला. सोसायटीचा पिट आहे तुझ्याकडे. चारपाचशे रुपयांचा लांब दांड्याचा थर्मामीटर मिळतो, रोज एकाच वेळेला खुपस आणि वहीत लिही. चढेल, थांबेल, उतरायला लागेल. उलथव, परत चढेल, पण आधीइतका नाही. तीन-चार वेळा बघितलंस की त्या डॉमिनिकन माणसाला काय कळत होतं ते तुला कळेल. किलोभर पानं त्या ओळखीतल्याला परत दे.

---

कोथरूडचा_गण्या

पानं परत दिली. तो म्हणाला एवढ्यात भ्यालास का, मी म्हटलं प्लंबरला.

आणि आत्ताच खाली जाऊन आलो. थर्मामीटर रविवारीच घेतला होता. काल ४९, आज ५७. वॉचमन विचारतोय साहेब काय शिजवताय, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून बघतायत. आता पुढे काय करू?

---

निपाणीचा_पाव्हणा

खालची वर काढा रे.